पार्श्वभूमी कोण ठरवतं?

एखाद्या एआयला सांगून बघा : ‘उस्मानाबादी शेळीचं चित्र काढ, बॅकग्राऊंड पारदर्शक ठेव.’ शेळी येईल. काळीभोर, लोंबत्या कानांची, अंगाला तेल चोपडल्यासारखी चकचकीत. बऱ्याचदा तिच्यामागे करड्या-पांढऱ्या चौकड्याही येतील, फोटोशॉपमध्ये रिकाम्या जागी दिसतात तशा. तुम्ही खूश होऊन ते चित्र बॅनरवर टाकता आणि शेळीबरोबर त्या चौकड्याही बॅनरवर येऊन बसतात. कारण ती रिकामी जागा नसतेच. एआयने त्या चौकड्या रंगवलेल्या असतात. नीट पाहिलं तर त्यातल्या काही वाकड्या निघतात, कधी शेळीच्या खुरांशी त्यांच्यावर सावलीही पडलेली असते.

गप्प बस म्हटल्यावर एखाद्या पोराने ‘मी गप्प बसलोय, मी गप्प बसलोय’ असं ओरडत राहावं, तसा हा प्रकार. आपण ‘मागे काही नको’ म्हणतो आणि यंत्र आपल्याला ‘काही नाही’ची खूण काढून देतं.

कारण साधं आहे. स्क्रीनवरच्या चित्राचा प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे : लाल किती, हिरवा किती, निळा किती. चित्र काढणारी बहुतेक मॉडेल्स अशा तीन आकड्यांच्या चित्रांवर शिकली. त्यांच्या जगात प्रत्येक ठिपक्याला रंग असतोच. पांढरा हाही रंग, काळा हाही रंग. ‘इथे काहीच नाही’ हे सांगायला चौथा आकडा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ० असेल तर ठिपका पूर्ण अदृश्य, २५५ असेल तर पूर्ण भरीव. १९७०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी हा चौथा आकडा चित्राचाच भाग केला. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याचं गणित नीट मांडलं. १९९६ मध्ये आलेल्या पीएनजी फॉरमॅटमध्ये या आकड्याला जागा आहे, जेपीईजीत नाही. म्हणून तर व्हॉट्सॲपवर पीएनजी ‘फोटो’ म्हणून पाठवली की मागची पारदर्शकता जाते, आणि फ्लेक्सवाला फोनवर ओरडतो, ‘डॉक्युमेंट करून पाठव रे!’

यंत्रंही आता सुधारत आहेत. २०२४ मध्ये ‘लेअरडिफ्यूज’ या संशोधनाने चित्र तयार होतानाच पारदर्शकता तयार करायची रीत दाखवली. २०२५ मध्ये ओपनएआयने आपल्या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या एपीआयमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीचा थेट पर्याय दिला. ज्यांच्याकडे तसा पर्याय नाही, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे : आधी मागच्यासकट चित्र काढून घ्यायचं, मग दुसऱ्या एखाद्या टूलने मागचं कापून टाकायचं. म्हणजे ही अडचण आज ना उद्या संपणार. आणि ती संपली की तिच्या आड दडलेला प्रश्न उघडा पडणार, असं मला वाटतं. पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं, हे कोण ठरवतं?

*

‘पार्श्वभूमी’ हा शब्द आपण फोटोसाठी वापरतो आणि माणसासाठीही. ‘मुलाची कौटुंबिक पार्श्वभूमी काय?’ असं स्थळ बघताना विचारतात. ‘ग्रामीण पार्श्वभूमी असूनही’ असं निकालाच्या बातमीत लिहितात, जणू गाव म्हणजे अंगावरचा डाग आहे आणि पोरानं तो धुऊन काढला. ‘पारदर्शक’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. पारदर्शक कारभार म्हणजे ज्यात काही लपवलेलं नाही. पारदर्शक पार्श्वभूमी म्हणजे मात्र मागचं सगळं काढून टाकलंय आणि आता हा माणूस कशावरही चिकटवता येतो. एकाच शब्दात दोन उलटे अर्थ सुखाने नांदतायत.

यंत्राच्या दृष्टीने पुढचं-मागचं असं काही मुळात नसतं. शेळी हेही ठिपके, तिच्यामागची बाभूळ हेही ठिपके. कुठे काय संपतं आणि काय सुरू होतं, याच्या कडा त्याला हजारो-लाखो चित्रांवरून शिकवाव्या लागल्या. मेटाने एप्रिल २०२३ मध्ये ‘सेगमेंट एनीथिंग’ नावाचं मॉडेल आणलं. त्यासाठी १ कोटी १० लाख चित्रं आणि त्यांतल्या वस्तूंची १०० कोटींहून जास्त कापलेली रूपं वापरली होती. पण त्या मॉडेलची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ते तुम्हाला विचारतं, ‘काय उचलू?’ तुम्ही बोट टेकवता, ते तेवढं उचलून देतं. बाभळीवर बोट टेकवलं तर बाभूळ पुढे येते आणि शेळी पार्श्वभूमी होते.

म्हणजे पार्श्वभूमी हा वस्तूचा गुण नाही. बोट कुठे टेकलं, त्यावर ती ठरते. आणि बोट नेहमी कुणाचं तरी असतं.

दुसरी एक गोष्ट कापणाऱ्यांना चांगली माहीत असते. कड कधीच स्वच्छ नसते. वाऱ्यावर उडणारा केसांचा एक बारीक पुंजका घ्या. तिथल्या एका ठिपक्यात थोडा केस असतो आणि थोडं मागचं आभाळ. अल्फाचं गणित हेच सांगतं : पुढच्याचा वाटा इतका, उरलेला मागच्याचा. उसाच्या फडासमोर काढलेला फोटो कापला की खांद्याच्या कडेला हिरवट झाक उरते. उसावरून परतलेला उजेड त्या माणसाच्या अंगावर पडलेला असतो. ऊस कापून टाकता येतो, त्याचा उजेड सहज निघत नाही. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. शेळीची जात मात्र बाजारात आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकात अजून उस्मानाबादीच आहे. मागचं असं कडेला चिकटून राहतं.

*

माझा एक मित्र जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फ्लेक्सचं दुकान चालवतो. वाढदिवस, बारावीचा निकाल, सरपंचपदाची निवड, भावपूर्ण श्रद्धांजली, प्रथम पुण्यस्मरण. माणूस जन्मल्यापासून मेल्यानंतर वर्षापर्यंत त्याच्या दुकानातून जातो. पूर्वी तो पेन टूल घेऊन एकेक माणूस कापायचा. कानामागे, बोटांच्या फटींत, फेट्याच्या तुऱ्यात. त्याला ‘कटिंग’ म्हणतात. एका चांगल्या कटिंगला अर्धा तास सहज जायचा. आता एआयला दिलं की चहाचा घोट घेईपर्यंत तयार.

मागे त्याच्याकडे एक गृहस्थ आईच्या वर्षश्राद्धाचा बॅनर करायला आले. आईचा एकटीचा धड फोटो नव्हता. जो चांगला होता तो बहिणीच्या लग्नातला. आई खुर्चीत बसलेली, मागे नवरीच्या वेशात लेक, आणि लेकीचा हात आईच्या खांद्यावर. मनगटभर हिरवा चुडा. गृहस्थ म्हणाले, ‘आईचा एकटीचा घ्या. तो हात तेवढा काढा.’

हात का काढायचा, हे मित्राला माहीत होतं. गावाला माहीत होतं. जमिनीचं प्रकरण होतं. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला होता.

एआयने बहीण उडवली. नुसती उडवली असती तर खांद्यावर हाताच्या आकाराचं भोक राहिलं असतं. म्हणून त्या जागी त्याने पदर विणून दिला. काठ जुळवला, चुणी जुळवली. मित्राने मला दोन्ही फोटो दाखवले. दुसरा इतका बेमालूम होता की आईने पदर तसाच घेतला होता, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर गोष्ट स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, वडील २००५ मध्ये हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही. तरी गावोगावी बहिणीने सही करून मोकळं व्हावं, ही अपेक्षा कायम आहे. बऱ्याच जणी करतातही. माहेर तुटू नये, दिवाळीला भावाने न्यायला यावं, एवढ्यासाठी.

पण निदान तिथे सही लागते. सातबाऱ्यावरचा हक्क सोडायचा तर बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, अंगठा द्यावा लागतो, साक्षीदार लागतात. फोटोतून तिचा हात काढायला कुणाचीच सही लागत नाही.

हे काही नवीन नाही, असं कुणी म्हणेल. खरंच नाही. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारी चाललेला निकोलाय येझोव हा गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. त्याची मर्जी उतरली, १९४० मध्ये त्याला गोळी घातली आणि मग त्या फोटोतून तो गेला. त्याच्या जागी कालव्याचं पाणी रंगवलं. तिथे पाणी, इथे पदर. फरक एवढाच की तिथे ते करायला एक सरकार, एक कार्यालय आणि हातात ब्रश घेतलेला कुशल माणूस लागला होता. आता घरातल्या घरात, भावाने बहिणीला, चहा थंड व्हायच्या आत.

मी मित्राशी भांडलो. म्हटलं, ‘अरे, ते मागचं नव्हतं. ते आईच्या अंगावर होतं.’ तो म्हणाला, ‘मी कटिंग करणारा माणूस आहे. घर त्यांचं, आई त्यांची. मी नाही म्हटलं असतं तर शेजारच्यानं केलं असतं. शेजारच्यानं नाही केलं तर त्याच्या पोरानं फोनवर केलं असतं. तुला पुण्यात बसून बोलायला काय जातंय?’

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. पण तो अर्धा तास मला महत्त्वाचा वाटतो. पेन टूलने तो हात काढायचा असता तर मित्राला अर्धा तास त्या हाताकडे बघावं लागलं असतं. एकेक बांगडी, एकेक बोट. बघून त्याचं मन बदललंच असतं असं नाही. जुन्या काळच्या रिटच करणाऱ्यांनीही सांगितलेलं काम केलंच. पण गिऱ्हाईक बाकावर बसून वाट बघत असतं, त्या अर्ध्या तासात कुणीतरी काहीतरी बोलतं. ‘ताई येणार का वर्षश्राद्धाला?’ एवढं जरी तोंडातून गेलं तरी पुष्कळ असतं. यंत्राने श्रम वाचवले ते चांगलंच झालं. त्याबरोबर बोलायची सवडही गेली.

*

आता उलट बाजू. ती तितकीच खरी आहे, आणि मागचं काढणं म्हणजे पापच, असं म्हणणाऱ्यांना ती बहुधा अंगावर आलेली नसते.

जत्रेतल्या फोटोच्या पालात पूर्वी रंगवलेला पडदा असायचा. ताजमहाल, कमळाचं तळं, विमान. आठवडाभर दुसऱ्याच्या रानात खुरपणारी बाई नवं लुगडं नेसून त्या तळ्यासमोर उभी राहायची आणि फोटो निघायचा. तिच्या खऱ्या पार्श्वभूमीत असं काय होतं की ती जपून ठेवावी? एका दिवसापुरती, पाच-दहा रुपयांत, ती आपल्या मागचं स्वतः निवडत होती. त्या पडद्याला खोटा म्हणणं मला उर्मटपणा वाटतो.

आज तोच पडदा व्हिडिओ कॉलमध्ये आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमच्याकडची कितीतरी पोरं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच जण, भिंतीवर दोरी, दोरीवर कपडे. ऑनलाइन मुलाखत असली की बॅकग्राऊंड ब्लर करायचं. गावी असेल तर मागचे पत्रे, गोठा, दारात बसलेली आजी धूसर करायची. समोरच्याने माझं उत्तर ऐकावं, माझे पत्रे मोजू नयेत, एवढीच मागणी. यात लबाडी कुठे आहे? उलट ज्याच्या मागे पुस्तकांचं कपाट आहे त्याला ब्लरची गरज पडत नाही. त्याची पार्श्वभूमी त्याच्यासाठी काम करत असते, आपली आपल्याविरुद्ध.

सरकारलाही हे कधी कळतं, कधी नाही. पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरं लागतं. पांढऱ्यासमोर कलेक्टर आणि कोतवाल सारखेच. आणि त्याच कागदपत्रांच्या ढिगात जातीच्या दाखल्यासाठी पिढ्यांची वंशावळ जोडावी लागते. २०२३ पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला घराघरांतून माणसं बाहेर पडली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. एका खिडकीवर मागचं काही नको, दुसऱ्या खिडकीवर मागचं सगळं हवं.

मग स्वतःच्या मागचं स्वतः काढणं आणि दुसऱ्याच्या मागचं, दुसऱ्याच्या अंगावरचं आपण काढणं, यांत फरक करायला हवा. दोन्हीला बटण एकच आहे. खुरपणारी बाई पडद्यासमोर स्वतः उभी राहिली होती. मुलाखत देणाऱ्या पोराने ब्लर स्वतः केलं होतं. वर्षश्राद्धाच्या फोटोत मात्र आईला विचारता येत नव्हतं आणि बहिणीला विचारलं नव्हतं. निवड जर त्याच माणसाची असेल तर ती मोकळीक आहे. निवड दुसऱ्याची असेल तर ती सत्ता आहे, मग ती कितीही छोटी असो.

*

हा नियम पुरेसा आहे का? मला वाटतं, नाही. काही पार्श्वभूमी अशा असतात की त्या एकट्या कुणाच्या नसतात.

धाराशिवजवळचं तेर घ्या. गोरोबाकाकांचं तेर, आणि त्याआधीचं, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ज्याचा तगर म्हणून उल्लेख आहे ते व्यापारी शहर. गावात आणि शेतात सापडणाऱ्या जुन्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जमवल्या. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तिथे आहे. त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताचीच एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. दोघींत इतकं साम्य आहे की एकीबद्दल लिहिणारा दुसरीचं नाव घेतोच. पण पाँपेईच्या मूर्तीजवळ एक जास्तीची गोष्ट आहे. ती एका घरात सापडली, आणि ते घर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं होतं. म्हणजे ती त्याआधीची, यात शंका नाही. तारीख मूर्तीवर कोरलेली नव्हती. तारीख तिच्या आजूबाजूच्या राखेत होती. तेरच्या मूर्तीचा काळ सांगतानाही अभ्यासक त्या मूर्तीशी तुलना करतात. म्हणजे तिकडची राख इकडच्या मूर्तीच्या कामी येते. पुरातत्त्वात या आजूबाजूच्याला ‘संदर्भ’ म्हणतात, आणि वस्तू वाचली पण संदर्भ गेला तर अर्धी वस्तू गेली असं मानतात.

हे फार जुनं वाटत असेल तर जवळचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातली सास्तूरसारखी उमरगा-लोहारा भागातली गावं बसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. झोपेतल्या माणसांवर घरंच आली. हजारो माणसं गेली. नंतर पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारखी घरं. त्या गावांतल्या घरांत एखादा जुना फोटो असतो. बारशाचा, लग्नाचा, नव्या बैलजोडीचा. फोटो काढणाऱ्याला भिंतीत काही रस नव्हता. ती नुसती मागे होती. आज गावच्या जुन्या वाड्याची ती भिंत, तो कोनाडा, ते दार, त्या फोटोत सोडून जगात कुठेही नाही.

आता नातू आजोबांचा तो फोटो घेतो, एआयला देतो, आजोबा स्वच्छ कापून निळ्या आभाळावर ठेवतो, रंगीत करतो आणि स्टेटसला लावतो. प्रेमानेच करतो. वाईट काहीच नाही. फक्त जुना फोटो फोनच्या गर्दीत हरवतो, नवाच सगळ्यांकडे फिरतो, आणि गाव दुसऱ्यांदा जातं. आजोबांची परवानगी असती तरी ती भिंत त्यांच्या एकट्याची नव्हती. शेजारच्या घराचीही तीच भिंत होती.

पुराचंही असंच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि परंडा तालुक्यात शेतं-घरं पाण्याखाली गेली. पंचनाम्याच्या फोटोत शेतकरी उभा असतो, पण त्या फोटोत खरा मुद्दा त्याच्यामागे असतो. आडवं झालेलं सोयाबीन, खरवडून गेलेली माती. तिथे माणूसच साक्षीदार म्हणून कडेला असतो आणि पार्श्वभूमी हीच मुख्य गोष्ट असते. अशा वेळी बोट कुठे टेकवायचं, हे आपल्या सोयीवर ठेवता येत नाही.

*

आणि एआयने शून्यातून काढलेल्या माणसाचं काय? त्याच्यामागे तर कधी काही नव्हतंच. मग काढून घेतलं काय?

‘भारतीय शेतकरी, पारदर्शक बॅकग्राऊंड’ असं लिहून बघा. बहुतेक वेळा पांढरी मिशी, भरजरी वाटावं असं पागोटं, सुरकुत्यांतून हसणारा चेहरा. आमच्याकडे रानात टोपी किंवा डोक्याला गुंडाळलेला पंचा-टॉवेल दिसतो, हा माणूस दिसत नाही. त्याला कुठलाच तालुका नाही, कुठलंच पीक नाही, कुठलंच कर्ज नाही. म्हणून तो सगळीकडे चालतो. बियाण्याच्या पोस्टरवर चालतो, पतसंस्थेच्या बोर्डावर चालतो, नेत्याच्या वाढदिवसाला नेत्याकडे कौतुकाने बघायलाही चालतो. खरा शेतकरी असा कुठेही चालला नसता. त्याने विचारलं असतं, ‘मला ह्याच्याशेजारी का उभं केलं?’

या चित्राने कुणाचा हात कापला नाही, हे कबूल. पण त्याने एक सवय लावली. माणूस आधी आणि त्याची जागा नंतर, हवी तशी, असा विचार करायची सवय. रोज अशी शंभर चित्रं पाहणारा डोळा खऱ्या माणसाकडेही तसाच बघू लागतो. लेकीचा हात त्याला अडथळा वाटू लागतो. भिंत कचरा वाटू लागते.

*

मी काही टूल वापरू नका असं म्हणत नाही. मीही वापरतो; स्टिकर करतो, कार्यक्रमाची पत्रिका करतो, शेळीही कापतो. पण फोटोशॉप शिकवणारे पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगतात, ती मला नीतीच्या पुस्तकात शोभेल अशी वाटते : खोडरबर वापरू नका, मास्क वापरा. खोडरबराने ठिपके जातात ते जातातच. मास्क फक्त झाकतो. उद्या उचलला की खालचं सगळं जागेवर. झाकणं आणि नष्ट करणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढी तरी सभ्यता आपल्याला परवडायला हवी. मूळ फोटो ठेवायचा, त्यावर साल आणि गाव लिहायचं. आणि फोटोत दुसऱ्याचा हात असेल तर त्या माणसाला एक फोन करायचा. तो नाही म्हणाला तर भांडण होईल. होऊ दे. जे भांडण घरात आहेच, ते पदर रंगवून मिटत नाही.

मित्राला हे सगळं एकदम पटलं असं नाही. गिऱ्हाईकाला नाही म्हणणं त्याला परवडत नाही, आणि त्याचं दुकान मी चालवत नाही. पण त्याने एक केलं. श्रद्धांजलीच्या आणि पुण्यस्मरणाच्या कामांत आलेले मूळ फोटो तो आता पुसत नाही; गावाच्या नावाने वेगळे ठेवतो. त्या आईचा लग्नातला फोटोही त्यात आहे, चुड्याच्या हातासकट. मी त्याला विचारलं, उद्या ती बहीण आली आणि तो फोटो मागितला, तर देशील? तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

‘देईन की,’ म्हणाला. ‘तिचाच हात आहे.’